१एचझेड इंजिन काढून १एचडी-एफटी बसवलं, पैसे वसूल

माझी जुनी टोयोटा लँड क्रूझर ८०, मूळ डिझेल इंजिन १एचझेड. दणकट आहे, वाद नाही, पण टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसल्यामुळे सामान भरून चढ लागला की गाडी पार दमायची. शेवटी १एचडी-एफटी टाकून घेतलं. दोन्ही सहा सिलेंडर, ४.२ लिटरच, पण हे डायरेक्ट इंजेक्शनचं (डिझेल थेट सिलेंडरमध्ये फवारणारं), २४ व्हॉल्व्हचं आणि टर्बोवालं, त्यामुळे खालच्या आरपीएमलाच काय ओढते राव! घराणं एकच म्हणून चॅसीत कापाकापी फारशी नाही, जास्त वेळ एक्झॉस्ट आणि वायरिंगमध्ये गेला.

गॅरेजवाल्याचं काम आवडलं. जुनी क्लच प्लेट हातात देऊन म्हणाला, "बघा साहेब, रिव्हेट वर आलेत, नवीन टॉर्क हिला झेपायचा नाही." बदलली. बिग एंड बेअरिंगही (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली) इंजिन बाहेर असतानाच नवीन टाकली, तुम्हीपण टाकाच, नंतर खाली झोपून करणं लई कटकटीचं.

एक तक्रार आहे, आठवड्याभरात टर्बोच्या ऑइल रिटर्न पाइपमधून तेल गळायला लागलं, क्लिप नीट आवळलीच नव्हती, लगेच करून दिलं पण हे आधीच बघायला हवं होतं. आणि हो, ब्रेक आधी तपासा, आरसीवर इंजिन नंबर चढवायला विसरू नका.