रँक मॅच खेळावी की ओळखीच्यांची रूम?

मोबाइलवरच्या बॅटल गेममध्ये कंपनीची गुणांची रँक मॅच खेळावी की ओळखीच्यांनी आपली आपली उघडलेली रूम, हे गेल्या महिन्याभरात दोघातिघांनी विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. नकाशे कोणते, स्क्वॉड (टीम) कितीचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. सवाल आहे नियम कोण लावतं याचा. मी दोन वर्षं रँक पुश केली, म्हणजे गुण जमवत वर चढत राहिलो, आता दीड वर्षापासून बहुतेक आमच्या तालुक्याच्या ग्रुपच्या कस्टम रूममध्ये असतो.

कंपनीच्या सिस्टमचा मोठा गुण असा की तिला तुम्ही कोणाचे कोण, ते कळत नाही. सरपंचाचा पोरगा असो की सालदाराचा, हॅक (फसवाफसवीचं सॉफ्टवेअर) सापडला की आयडी उडाली. कधीकधी रिपोर्ट मारूनही हॅकर आठवडाभर मोकाट फिरतो आणि आपला जीव जळतो. त्यालाही कारण असू शकतं. कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी व्हॅल्व्ह कंपनीची व्हॅक नावाची हॅकर पकडणारी यंत्रणा 2002 मध्ये आली; ती बऱ्याचदा मुद्दाम उशिरा, घाऊक बॅन टाकत आली आहे. लगेच टाकला तर हॅक बनवणाऱ्याला आपण कशात सापडलो ते समजतं.

माझं बिनसलं ते हॅकरवरून नव्हे, लाइनवरून. पोळ्याच्या आदल्या रात्री शेवटच्या सर्कलमध्ये, म्हणजे मॅच संपत आली असताना, आम्ही चौघंही जिवंत होतो आणि गावातली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) उडाली. वायफाय गेलं, मोबाइल डेटा लावला तर रेंज एक दांडी, तीही येऊन जाऊन. टॉवरची बॅटरी नावालाच. आठवड्यातली ही तिसरी वेळ होती. ‘सामना अर्धवट सोडला’ म्हणून गुण कापले, वर दिवसभर मॅच बंद. दाद मागितली तर मिनिटभरात इंग्रजीत उत्तर: नियम बरोबर लागला आहे. बरोबर लागला होता, हे मीही मानतो. मुंबईच्या पोरालाही तोच लागला असता. फक्त त्याची लाइन आठवड्यात तीनदा जात नसावी.

पुढच्याच रविवारी रूममध्ये तेच झालं. रूम चालवणाऱ्या ॲडमिनचा फोन आला.

“काहून बे, पळाला का?”

“लाइन गेली भाऊ.”

“थांब, तुह्या गावातल्या दुसऱ्याले विचारतो.”

विचारलं, खरं निघालं, ती मॅच माझ्या हिशेबात धरलीच नाही. खोटं निघालं असतं तर दोन आठवडे बाहेर. एकजण तसा गेलाही आहे.

आता रूममध्ये सगळं गोड आहे असं समजू नका. ॲडमिनच्या मामेभावाने समोरच्या स्क्वॉडशी टीमअप (आतून हातमिळवणी) केलं, त्याला नुसती समज मिळाली. पुढच्या आठवड्यात लांबच्या गावचा एक पोरगा त्याच गोष्टीसाठी थेट बाहेर. ग्रुपवर रात्री बारापर्यंत भांडण चाललं. शेवटी ठरलं की सगळ्यांनी स्क्रीन रेकॉर्डिंग लावायचं आणि तक्रार आली तर त्या दोन्ही स्क्वॉडबाहेरच्या दोघांनी ते पाहायचं. काउंटर-स्ट्राइकमध्ये 2013 साली असाच प्रकार आणला होता, अनुभवी खेळाडूंनी संशयिताचं नाव न कळता रेकॉर्डिंग पाहून निवाडा द्यायचा. आमच्यात नाव झाकून उपयोग नाही, आवाजावरूनच ओळखतात. तरी मामेभाऊ त्यानंतर एकदा बाहेर बसला, एवढं मात्र खरं.

एंट्री फी घेणारी रूम असेल तर तिकडे फिरकूच नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आणली आहे, आणि पैसा आला की ॲडमिनचे मामेभाऊही वाढतात.

तुमच्याकडे फायबर आहे, इन्व्हर्टर आहे, आणि टियर (रँकची पायरी) दाखवायचा शौक आहे, तर रँक मॅचच बरी. रूममधले गुण ग्रुपबाहेर कोणी विचारत नाही. बाकी माझ्यासारख्या, डीपीच्या भरवशावर खेळणाऱ्याने आधी एखादी रूम महिनाभर खेळून पाहावी, असं आपलं माझं मत. शिरण्याआधी जुन्या मेंबरला एवढं विचारा की ॲडमिनचा स्वतःचा स्क्वॉड कधी बाहेर बसला होता का. उत्तराऐवजी हसण्याचे इमोजी आले तर दुसरी रूम बघा.

सोयाबीन निघायच्या दिवसांत मात्र आमची रूम भरत नाही. तेव्हा मीही गुपचूप रँक खेळून घेतो.