सराफा की छप्पन?

इंदुरात खाण्याच्या सराफा नि छप्पन या दोन्ही ठिकाणी बदल झालेत, पण एकाच जातीचे नाहीत. न्यू पलासियातल्या छप्पन दुकानचा २०२० मध्ये कायापालट झाला: वाहनांना बंदी, सपाट फरशी, बसायला बाकं. आमच्या रामबागेतल्या गुडघेदुखीच्या काकू तिथेच जातात, आणि त्यांचं बरोबरच आहे. नातवंडांचा हात निर्धास्त सोडता येतो.

सराफ्याची गोष्ट वेगळी. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री तिच्याच ओट्यापुढे कढई. थंडीत गराडू या कंदाच्या फोडी पुन्हा कडक तळायच्या, वर जिरावण मसाला भुरभुरायचा, लिंबू पिळायचं; बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. शेजारी भुट्ट्याचा कीस दुधात शिजत असतो, मोहरी-हिंगाच्या फोडणीचा वास बोळभर. ही चव छप्पनला नाही, कितीही चकचकीत करा.

पण अलीकडे मोमो नि नूडल्सच्या गाड्या वाढल्या आणि पाय ठेवायला जागा उरेना. आगीच्या भीतीने सराफांनी चौपाटी, म्हणजे ही रात्रीची खाऊगल्ली, हलवा अशी मागणी केली. भीती खरी आहे: बोळ अरुंद, सिलिंडर एकाला एक खेटून. तरुण पोरं म्हणतात, नवं हवंच. मला नाही पटत. मोमो शहरात कुठेही मिळतात; जागा मोजकी असेल तर ती आधी गराडूवाल्याला, कीसवाल्याला मिळाली पाहिजे.

म्हातारी माणसं, लहान मुलं बरोबर असतील तर संध्याकाळी छप्पन. नाहीतर रात्री दहानंतर सराफा, गाडी राजवाड्याच्या अलीकडेच लावून.