एकच डॉक्टर, दोन दवाखाने

सकाळी उपजिल्हा रुग्णालयाची हाडांची ओपीडी, संध्याकाळी स्टँडमागचा खासगी दवाखाना. डॉक्टर दोन्हीकडे तेच, म्हणून एकत्रच लिहितो. गावाचं नाव देत नाही. तालुक्यात हाडांचे सरकारी डॉक्टर एवढे एकच आहेत, तेही गेले तर आम्ही जायचं कुठं?

आधी सकाळचं. हिचा उजवा खांदा दोन महिने आखडलेला. वेणी घालायलाही सूनबाई लागायची. साडेआठला रांगेत लागलो, सव्वाअकराला नंबर आला. केसपेपरला पैसे नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत केलेत आणि इथं ते पाळतात, गोळ्याही खिडकीवरच मिळाल्या. पण साहेबांनी मान काही वर केली नाही. "कुठं दुखतंय?" "खांदा." लिहिलं, पुढचा पेशंट. दीड मिनिट. हात लावून पाहिलाच नाही. बाहेर पडताना वॉर्डबॉय हळूच म्हणाला, "काका, नीट दाखवायचं असेल तर सहानंतर स्टँडमागं या."

संध्याकाळी गेलो. पाटी साहेबांच्या मिसेसच्या नावाची, त्या होमिओपॅथीवाल्या. आतल्या खोलीत साहेब. आणि खरं सांगतो, माणूस हुशार! वीस मिनिटं दिली. हात बाजूनं किती जातो, मागं किती जातो, सगळं पाहिलं. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम स्वतः उभं राहून करून दाखवला. "मावशी, साखर कधी तपासलीय? साखरवाल्यांचा खांदा जास्त आखडतो." तपासली, तर उपाशीपोटी १८२! घरात कुणाला पत्ता नव्हता. हे सकाळी का विचारलं नाही, यावर मी अजून अडकलोय.

फी ४०० रुपये, रोख. पावती मागितली तर काउंटरवरची पोरगी नुसती हसली.

मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. पैसे घेतले आणि तिकीट फाडलं नाही, तर मार्ग तपासणी पथकवाले भर रस्त्यात गाडी थांबवून केस करायचे. पाच रुपयांसाठी निलंबित झालेले लोक पाहिलेत. इथं तर तिकीटच नाही, आणि गाडी रोज फुल.

सरकारी डॉक्टरनं बाहेर प्रॅक्टिस करू नये म्हणून त्याला पगारावर व्यवसायरोध भत्ता मिळतो. केंद्राच्या डॉक्टरांना तो मूळ पगाराच्या २० टक्के आहे, सातव्या वेतन आयोगाआधी २५ होता. आमच्या साहेबांच्या पगारपत्रकात किती, ते मला ठाऊक नाही. पण भत्ता घ्यायचा आणि दुकानही चालवायचं, हे बसत नाही. (आमच्या डेपोत निम्म्या लोकांच्या बायका एलआयसी एजंट होत्या. पॉलिसी कोण विकायचं ते विचारू नका. पण त्यासाठी कुणी प्रवाशाला खाली उतरवलं नाही.)

पुतण्या वकील आहे. तो म्हणतो, आमदार-खासदारांना वकिली करता येते. ते कुणाचे पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, म्हणून सुप्रीम कोर्टानं २०१८ साली बंदी घालायला नकार दिला. असेल. पण आमदाराच्या दारात कुणी दुखरा खांदा घेऊन साडेआठपासून उभं राहत नाही.

तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करता येते. मी केलेली नाही. अर्ज लिहून कपाटात ठेवलाय.

तारे: संध्याकाळी चार, एक पावतीचा कापला. सकाळी दोन, तेही औषधांच्या खिडकीला.

जाणाऱ्यांसाठी: मंगळवार टाळा, बाजार असतो. साखरेचा रिपोर्ट सोबत न्या. आणि सकाळीच जा. तिसऱ्या खेपेला आम्ही मुद्दाम सकाळीच गेलो. साहेबांनी ओळखलं, "काका, संध्याकाळी या की, इथं गर्दी आहे."

म्हटलं, "गर्दीतच तिकिटं फाडलीत साहेब आयुष्यभर. जरा हात बघा हिचा."

मागची रांग गप्प झाली. ते उठले, हिचा हात धरून वर नेला. कानापर्यंत गेला.