नाशिकच्या मखमलाबादजवळचं तीन मॉड्यूलचं तयार बांधकाम: ११ महिन्यांच्या वापरानंतर

कारखान्यात तयार होऊन आलेली, प्रत्येकी २० बाय १० फुटांची तीन मॉड्यूल (म्हणजे खोलीएवढे तयार खोके) लांब बाजूंनी एकमेकांना जोडलेली आहेत, एकूण ६०० चौरस फूट. एकात कार्यालय, दुसऱ्यात दोन लहान निजायच्या खोल्या, तिसऱ्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. जागा मखमलाबादच्या पुढे द्राक्षबागेच्या कडेला, काळ्या जमिनीची. मेच्या मध्याला बसवलं. पूर्ण पावसाळा आणि जानेवारीची थंडी काढून झाली, आता एप्रिलचं ऊन सुरू आहे.

मत आधीच सांगतो. पुन्हा बांधायची वेळ आली तर याच पद्धतीनं बांधू, पण ऑर्डर वेगळी देऊ. कारखान्यात जे पूर्ण झालं होतं ते आजही जसंच्या तसं आहे. "ते जागेवर करून घेऊ" म्हणून जे सोडलं, आमच्या बहुतेक तक्रारी त्यातूनच निघाल्या. म्हणून कोटेशन बघताना चौरस फुटाच्या दराआधी एकच प्रश्न विचारा: जागेवर करायचं काय काय उरतं?

आधी बांधणी. खाली सी-चॅनलची (इंग्रजी सी आकाराच्या पोलादी पट्ट्यांची) चौकट, कोपऱ्यांना चौकोनी पाइपाचे खांब, भिंती आणि छताला ५० मिमी पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनल, दोन्ही अंगांना ०.५ मिमी रंगीत पत्रा. जमिनीला १८ मिमी सिमेंट बोर्ड, वर २ मिमी व्हिनाइल. मॉड्यूलर म्हणजे एवढंच असतं असं मात्र नाही. केंद्र सरकारच्या लाइट हाउस या नव्या तंत्राच्या घरबांधणी प्रकल्पात रांचीला कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या अख्ख्या खोल्या एकमेकींवर चढवल्या आहेत, आगरतळ्याला हलक्या पोलादी सांगाड्याची पद्धत वापरली आहे. इथलं मत फक्त पोलादी चौकट आणि पफ पॅनलच्या एकमजली बांधकामाबद्दल आहे.

वेळेचा फायदा खरा आहे, आणि तो "काम पटापट होतं" म्हणून मिळत नाही. दोन कामं एकाच वेळी चालतात म्हणून मिळतो. कारखान्यात मॉड्यूल ४० दिवस बनत होती, तेवढ्यात इकडे खड्डे, पेडेस्टल (चौकट टेकवायचे काँक्रीटचे बुटके खांब), सेप्टिक टँक आणि वायरिंगचा चर उरकला. नेहमीच्या बांधकामात पायाशिवाय भिंत नाही आणि भिंतीशिवाय स्लॅब नाही. काँक्रीटला किमान ७ ते १० दिवस पाणी मारायचं, स्लॅबचे टेकू गाळ्याप्रमाणे (दोन आधारांमधल्या अंतराप्रमाणे) ७ किंवा १४ दिवस ठेवायचे, मग प्लास्टर, मग पुन्हा पाणी. इथं मॉड्यूल आल्यावर जागेवरचं काम ५ दिवसांत आटोपलं. पाणी लागलं ते फक्त पेडेस्टल आणि टाकीला. मे महिन्यात टँकरवर चालणाऱ्या वाडीत ही गोष्ट छोटी नाही.

उष्णतेचा हिशेब मांडून पाहा. ९ इंची विटांची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली भिंत दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला सुमारे २ वॉट उष्णता आत सोडते. ५० मिमी पफ सोडतं ०.४५ च्या आसपास, म्हणजे पाव भागाहूनही कमी. म्हणून एसी लावला की खोली लगेच गार होते. पण पत्रा आणि फोमला उष्णता साठवता येत नाही, त्यामुळे एसी बंद केला की अर्ध्या-पाऊण तासात खोली पुन्हा तापायला लागते. विटांचं घर रात्रीचा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवतं, हे धरत नाही. नाशिकला उन्हाळ्यातही पहाट गार असते, म्हणून पहाटे समोरासमोरच्या खिडक्या उघडून ९ च्या आत बंद करायच्या. खिडक्या समोरासमोर नसतील तर आराखड्यातच बदलून घ्या.

आता पाया. नाशिककरांनी सगळ्यात जास्त लक्ष इथं द्यायला हवं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. "हलकं तर आहे, चार ठोकळ्यांवर ठेवू" हा सल्ला इथं चालत नाही, उलट हलकं बांधकाम माती सहज उचलते. खड्डे काळी माती ओलांडून पक्का मुरूम लागेपर्यंत घ्यायचे, तळाला पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), वर पेडेस्टल जमिनीपासून दीड फूट उंच. तीन मॉड्यूलना चार रांगांत प्रत्येकी तीन, असे १२ पेडेस्टल पुरतात, कारण मधल्या दोन रांगांवर दोन-दोन मॉड्यूल टेकतात. त्या रांगांतले पेडेस्टल मात्र १२ बाय १२ इंचांऐवजी १२ बाय १८ हवेत, वर ४०० बाय २०० मिमीची सामाईक बेस प्लेट बसेल असे. कडेच्यांना २०० बाय २०० बाय १० मिमीची प्लेट आणि १६ मिमीचे चार अँकर बोल्ट.

बाराही माथे एकमेकांपासून ३ मिमीच्या आत पाणसळीत हवेत. गवंड्याच्या सवयीत अर्धा इंच इकडेतिकडे बसतो, कारण तो पुढे प्लास्टरमध्ये झाकता येतो. पोलादी चौकटीत झाकायला काही नसतं. इथं एक माथा ८ मिमी खाली होता. चौकट किंचित मुरडली, कार्यालयाचं दार वरच्या कोपऱ्यात घासू लागलं आणि जोडावर जमिनीला पायरी आली. दार तासून प्रश्न सुटत नाही. जॅकनं चौकट उचलून, खाली पोलादी पातळ पट्ट्या सारून, न आकसणारा ग्राउट (फटीत भरायचा सिमेंटचा पातळ गिलावा) भरला तेव्हा दार आपोआप सरळ झालं. लाकडाचे किंवा प्लायचे तुकडे कधीही सारू नयेत, ते दबतात आणि त्यांना वाळवीही लागते. पेडेस्टल भरण्याआधी आणि नंतर डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून घ्या. मॉड्यूल कारखान्यातून निघण्याआधी त्याचे दोन्ही कर्ण मोजा: ६.०९६ बाय ३.०४८ मीटरच्या चौकटीचा कर्ण ६.८१६ मीटर येतो, आणि दोन कर्णांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गाडीत चढवू देऊ नका.

वाहतुकीची एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. मालवाहू गाडीची नेहमीची कमाल रुंदी २.६ मीटर. ८ फुटी मॉड्यूल २.४४ मीटरचं, म्हणजे त्यात बसतं. १० फुटी मॉड्यूल ३.०५ मीटरचं, त्याला जादा रुंदीच्या मालाची परवानगी आणि तसा ट्रेलर लागतो. वाडीचा रस्ता १२ फुटी, त्यात लोंबत्या वीजतारा आणि वळणावर बांध, म्हणून ट्रेलर पोचतो का हे आधी टेपनं मोजावं लागतं. उचलायला १४ टनी हायड्रा (चाकांची क्रेन) पुरला. ३ टनांचं मॉड्यूल चार स्लिंगांवर (उचलायच्या दोरांवर) उचललं तर प्रत्येकीच्या वाट्याला ७५० किलो येतात, पण ते स्लिंग सरळ उभी असताना. आडव्यापासून ६० अंशांवर ताण सुमारे ८६५ किलो होतो, ३० अंशांवर थेट १,५०० किलो, शिवाय सुमारे १,३०० किलोंच्या जोरानं वरची चौकट आत दाबली जाते. हायड्रावाला आखूड स्लिंग घेऊन आला तर थांबवा. लांब स्लिंग किंवा आडवा बीम वापरायलाच लावा, नाहीतर छताचे जोड पहिल्याच दिवशी सैल होतात.

आणि आता सांधा. तीन मॉड्यूल म्हणजे २० फुटांचे दोन जोड, आणि जुलैत पाणी आलं ते दोन्ही जोडांतून. पॅनलमधून थेंबही आला नाही. जोडावर सपाट पत्र्याची पट्टी दोन्ही बाजूंनी स्क्रू मारून बसवली होती, कडेनं सिलिकॉन फासलेलं. मे महिन्यात छताचा पत्रा रात्री २२ अंशांवर तर दुपारी ६५ अंशांपर्यंत जातो. २० फुटांचा पत्रा तेवढ्यात सुमारे ३ मिमी लांबतो, पफखालची सावलीतली चौकट तेवढी लांबत नाही. ही ओढाताण रोज होते. महिनाभरात स्क्रूची भोकं लांबट झाली, सिलिकॉन फाटलं आणि पहिल्या मोठ्या पावसात गळती लागली. गळती सापडायलाही वेळ गेला, कारण पाणी जोडातून शिरून चॅनलवरून वाहत सहा-सात फूट लांब, दिव्याच्या भोकातून टपकत होतं. डाग दिसतो तिथं सिलिकॉन भरत बसण्यात अर्थ नसतो.

योग्य जोड असा: प्रत्येक मॉड्यूलच्या छताची कड ५० मिमी उभी वळवलेली, दोन उभ्या कडांमध्ये ईपीडीएम रबराची दाबली जाणारी पट्टी, कडांवर ब्युटाइल (चिकट रबरी) टेप आणि त्यावर उलट्या यू आकाराची टोपी. टोपीचे स्क्रू एकाच बाजूला, दुसरी बाजू सरकायला मोकळी. असं केलं की पाणी सिलिकॉनच्या भरवशावर राहत नाही, सिलिकॉन फाटलं तरी उभी कड पाणी अडवते. ऑगस्टच्या उघडिपीत हे करून घेतलं, नंतर गळती नाही. हे कारखान्यात छत वळवतानाच करायचं काम आहे. जागेवर करायला त्याच्या कितीतरी पट कष्ट पडले.

सांध्याचा धडा या क्षेत्रानं मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. १६ मे १९६८ ला लंडनमध्ये रोनन पॉइंट या २२ मजली तयार पॅनलच्या इमारतीत १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा कोसळला, ४ जण गेले. स्फोट काही फार मोठा नव्हता. पॅनल एकमेकांना धरून ठेवणारे जोड दुबळे होते. एकमजली घराला तो धोका नाही, पण सांध्याचा आराखडा कागदावर मागायची सवय तिथूनच घ्यायला हवी.

जोडाबरोबरच तिन्ही मॉड्यूलवर दुसरं, उताराचं पत्र्याचं छप्पर एक फूट अंतर सोडून घातलं. पाऊस जोडांपर्यंत पोचत नाही, खालच्या छताला सावली मिळते आणि पावसाचा ताशा बराच कमी होतो. त्र्यंबक-इगतपुरीकडे बांधणाऱ्यांनी तर हे पहिल्या दिवसापासून धरावं. मात्र ते चौकटीला बोल्टनंच बांधा. भारतीय मानकानुसार नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात, म्हणजे दर चौरस मीटरला ९० किलोंच्या घरात दाब. छपराच्या पत्र्याचं वजन तेवढ्या जागेत जेमतेम ५ किलो असतं. गारपिटीचा मारही आता वरचा पत्रा घेईल, पफ पॅनलचा रंग फुटणार नाही.

जानेवारीत एक वेगळीच तक्रार आली. पहाटे आतल्या कोपऱ्यांतल्या खांबांवर दव धरून ओघळ येत होते. पाइपाचा खांब बाहेरून थेट आतपर्यंत उघडा असेल तर थंडी त्यातून आत येते आणि माणसांच्या श्वासातली, स्वयंपाकातली वाफ तिथं पाणी होऊन बसते. पफ भिंती कोरड्या होत्या. खांबांना आतून फोमची पट्टी आणि आच्छादन लावलं, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसवला, ओघळ थांबले.

५० मिमी पफची भिंत आवाज फारसा अडवत नाही, शेजारच्या खोलीतलं बोलणं कळतं. निजायच्या खोल्यांमधल्या आडभिंतीत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) आणि दोन्हीकडून जिप्सम बोर्ड मागा. स्वयंपाकघराच्या भिंतींनाही रॉकवूलच हवं, कारण पफ पेटतं आणि त्याचा धूर विषारी असतो. त्याच कारणानं बसवलेल्या पॅनलजवळ वेल्डिंग करू देऊ नका. अर्ध्या मिमीच्या पत्र्यात स्क्रू वजन धरत नाही, १५ लिटरचा गीझर पाण्यासकट २५ किलोंच्या आसपास जातो, म्हणून गीझर, एसी आणि कपाटांच्या जागा आधीच ठरवून तिथं आतून पट्ट्या घालून घ्या. पत्र्याच्या पेटीत मोबाइलला रेंज नीट मिळत नाही, वायफायची सोय धरा. पॅनलची खालची उघडी कड पत्र्यानं बंद केलेली नसेल तर उंदीर आणि मुंग्या फोम पोखरतात, आणि बागेत हे हमखास होतं.

अख्खी चौकट लोखंडाची असल्यामुळे अर्थिंगमध्ये तडजोड नको: दोन स्वतंत्र अर्थ पिट (अर्थिंगचे खड्डे), तिन्ही मॉड्यूल एकमेकांना तांब्याच्या पट्टीनं जोडलेली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की आपोआप बंद पडणारा स्विच).

खर्चाबद्दल एवढंच की विटांच्या बांधकामापेक्षा हे स्वस्त पडेल या हिशेबानं जाऊ नका. कोटेशनमध्ये सहसा पाया, ट्रेलर, हायड्रा, वरचं छप्पर, पायऱ्या, सेप्टिक टँक आणि अर्थिंग धरलेलं नसतं. हलवता येतं म्हणून परवानगी लागत नाही हेही गृहीत धरू नका, ग्रामपंचायत किंवा महापालिकेत आधी विचारा.

यंदा मे संपायच्या आत करायची कामं ठरली आहेत: छपराच्या सगळ्या स्क्रूंचे रबरी वॉशर तपासायचे, बारा पेडेस्टलचे अँकर बोल्ट आवळायचे, माथ्यांची पातळी पुन्हा घ्यायची, पन्हाळीतला बागेचा पाला काढायचा आणि मॉड्यूलच्या तळाखालच्या मोकळ्या जागेची जाळी सगळीकडून शाबूत आहे का ते वाकून बघायचं.