सोनेरी शिक्का आणि डासांची जाळी

कॅलिफोर्नियात डोंगराकडेला घर असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. आमच्या घराच्या बाबतीत २०२४ साली जे झालं ते मी आजवर चार-पाच जणींनाच सांगितलं होतं. पण मागच्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकीचा मेसेज आला : 'घराचा विमा बंद होणार अशी नोटीस आली आहे, घर फायर-सेफ करून देणारा कोणी आपला माणूस माहीत आहे का?' तासाभरात कुणीतरी खाली एक व्हिजिटिंग कार्ड टाकलं. ते कार्ड मी ओळखलं, आम्हाला फसवून गेलेल्या माणसाचंच होतं ते. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते.

आमचं घर सॅक्रामेंटोच्या पूर्वेला, एल डोराडो काउंटीत, प्लासरव्हिलच्या थोडं पुढे आहे. लाकडी डेक, मागे उतार, उतारावर ओक, पाइन आणि मॅन्झानिटाची झुडपं. मी मूळची पाटण तालुक्यातली. लहानपणी उन्हाळ्याच्या तोंडाला रात्री समोरच्या डोंगरावर वणव्याची लाल माळ दिसायची, आणि आम्ही पोरं अंगणात बसून ती बघायचो. तो वणवा गवताचा. घरापर्यंत येईल असं कधी मनातही आलं नाही. इथला वणवा काय असतो ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये कळलं. १४ तारखेला कॅल्डॉरची आग लागली आणि दोन-तीन दिवसांत ग्रिझली फ्लॅट्स हे अख्खं गाव जवळजवळ संपलं. महिनाअखेरीस साउथ लेक टाहो शहर रिकामं करावं लागलं. दोन लाख एकरांहून जास्त जमीन जळाली. भर दुपारी आमचं आकाश केशरी झालं होतं, गाडीच्या काचेवर राख साचत होती. पासपोर्ट, मुलाचे लहानपणचे फोटो आणि आईची पैठणी घेऊन आम्ही नऊ दिवस फॉल्समला मैत्रिणीकडे राहिलो. घर वाचलं.

घर वाचलं, पण विमा वाचला नाही. राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली की आगीच्या हद्दीतल्या आणि तिला लागून असलेल्या पिनकोडमधल्या घरांचा विमा कंपन्यांना वर्षभर बंद करता येत नाही, असा इथे कायदा आहे. ते वर्ष सरलं. पुढे हप्ता दरवर्षी वाढत गेला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पत्र आलं : वणव्याच्या धोक्यामुळे आपल्या पॉलिसीचं नूतनीकरण होणार नाही. असं पत्र मुदत संपण्याच्या निदान ७५ दिवस आधी पाठवावं लागतं. आमच्याकडे बरोबर ७६ दिवस होते. घरावर कर्ज असेल तर विमा नसणं चालत नाही. आपण घेतला नाही तर बँक स्वतःच घेते, तो कितीतरी महाग असतो आणि त्यात बहुधा घराचा सांगाडा तेवढा धरलेला असतो, आतलं सामान नाही. यजमान रोज एका कंपनीला फोन करायचे आणि रोज नकार ऐकायचे. अकरा नकार झाले. बाराव्या दिवशी तो माणूस आमच्या दारात आला.

नाव लिहीत नाही. पस्तिशीचा, मराठी, बोलणं अतिशय गोड. एका ओळखीच्या बाईंनी नंबर दिला होता. दारात बूट काढून आत आला, देवघराकडे बघून हात जोडले, 'काका, काकू, तुम्ही काळजी सोडा' म्हणाला. पोहे खाल्ले. घराभोवती फिरून त्यानं शंभर एक फोटो काढले, आणि जे बोलला त्यातलं बरंचसं खरं होतं, हे मला आवर्जून सांगायचंय. घरं बहुतेक वेळा ज्वाळांनी नाही, वाऱ्यावर मैलभर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात, हे खरं. हे निखारे वळचणीखालच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा खेळण्यासाठीच्या झरोक्यांतून, पोटमाळ्यात शिरतात, हेही खरं. भिंतीपासून पहिले पाच फूट जळणारं काहीच नको, घराभोवती शंभर फूट झाडोरा कमी करावा, सगळं खरं. आम्ही दोघांनी त्याच्यासमोर इंटरनेटवर तपासलं, तर शब्द न् शब्द जुळत होता. आमचा विश्वास बसला तो तिथे.

खोटं होतं ते एकच वाक्य : 'काम झालं की मी सर्टिफिकेट देतो, ते दाखवलं की कंपनीला तुमचा विमा चालू ठेवावाच लागतो.'

असा नियम नाही. राज्याच्या विमा खात्याचा २०२२ चा नियम एवढंच सांगतो की घरमालकानं ठरावीक कामं केली असतील तर कंपनीनं हप्त्यात सूट द्यायची, आणि तुमच्या घराला धोक्याचे किती गुण दिलेत ते विचारल्यावर सांगायचं. त्यावर आपल्याला हरकत घेता येते. विमा द्यायचाच, अशी सक्ती त्यात कुठेही नाही. खरं प्रमाणपत्र नाहीच असं नाही. विमा उद्योगाची एक संशोधन संस्था घराची प्रत्यक्ष तपासणी करून तीन वर्षांसाठी देते. त्यानं दाखवलेल्या नमुन्यावर तिचं नाव नव्हतं. त्याच्याच कंपनीचं नाव, एक ज्वाळा, एक पान आणि सोनेरी शिक्का होता.

त्यानं १४,८०० डॉलरचा आकडा दिला. अकरा व्हेंट बदलणं, पाच फुटांचा पट्टा साफ करणं, उतारावरची झुडपं काढणं, डेकखाली बारीक जाळी लावणं. कागद एकच पानाचा, वर 'एस्टिमेट' असं लिहिलेला. सुरुवातीला ६,५०० मागितले, व्हेंट खास मागवावी लागतात म्हणून. आम्ही क्रेडिट कार्ड पुढे केलं तर म्हणाला, 'काकू, कार्डाला तीन टक्के जातात, झेलनं पाठवा, तेवढे तुमचे वाचतील.' झेल म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात थेट पैसे पाठवायची इथली सोय. आम्ही पाठवले. आठवड्यानं आणखी ४,००० पाठवले.

घरकामाच्या कंत्राटात कॅलिफोर्नियात आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली जी कमी असेल तेवढीच घेता येते. आमच्या बाबतीत १,०००. त्यानं साडेसहा पट घेतले, आणि वीस वर्षं या राज्यात राहून हा नियम आम्हाला ठाऊक नव्हता. कंत्राट लेखी लागतं, सही केल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत ते रद्द करता येतं, आणि ६५ च्या पुढच्यांना पाच दिवस मिळतात. यजमान ६७ वर्षांचे आहेत. हा हक्क कंत्राटावर छापलेला असावा लागतो. आमच्या कागदावर तो नव्हता.

कार्डवर लायसन्स नंबर मात्र होता. तो आम्ही पाहिला, तपासला नाही. कंत्राटदारांना लायसन्स देणारं राज्याचं एक बोर्ड आहे. त्या लायसन्स बोर्डाच्या वेबसाइटवर नंबर टाकला की मालकाचं नाव, लायसन्सचा प्रकार, मुदत, कामगारांचा विमा, सगळं दिसतं. मी नंतर टाकला तेव्हा तो नंबर दुसऱ्याच गावातल्या एका बागकामवाल्याचा निघाला, त्याचंही लायसन्स रद्द झालेलं. नंबर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. वेबसाइटवरचं नाव तुमच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचं आहे का ते बघा, त्याच्याकडे ओळखपत्र मागा. खरा कॉन्ट्रॅक्टर याचा राग धरत नाही.

काम तीन दिवस चाललं. तीन पोरं आली, रोज वेगळी. संपलं तेव्हा घर इतकं नीटनेटकं दिसत होतं की मी फोटो काढून मुलाला पाठवले. व्हेंट काळी कुळकुळीत, भिंतीलगत तांबूस रंगाचं मऊ आच्छादन पसरलेलं, उतारावरची झुडपं गायब. दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट ईमेलनं आलं. ते आम्ही विमा कंपनीला पाठवलं. दहा दिवसांनी उत्तर आलं : निर्णय बदललेला नाही. त्याला फोन केला तर म्हणाला, 'अपील करतो काकू, त्याचे वेगळे ६०० लागतील.' ते मात्र आम्ही दिले नाहीत. त्यानंतर त्यानं आमचा फोन कधी उचलला नाही.

पैसे गेले एवढंच असतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं. मे महिन्यात शेजारणीच्या सांगण्यावरून आम्ही कॅल फायरला, म्हणजे राज्याच्या अग्निशमन खात्याला, फोन केला. घराभोवतीच्या मोकळ्या जागेची तपासणी ते मोफत करतात. मोफत. एक तरुण इन्स्पेक्टर बाई आल्या. पहिल्या व्हेंटपाशी त्या थांबल्या, जाळीवर नखानं खरवडलं, आणि काळा रंग निघून आला. खाली खिडकीला डासांसाठी लावतात ती फायबरग्लासची जाळी होती. जुन्या व्हेंटवरच ती चिकटवून वर रंगाचा फवारा मारला होता. निखाऱ्यापुढे ती टिकत नाही. व्हेंटला एक तर राज्याच्या फायर मार्शलनं मान्य केलेला प्रकार लागतो, नाहीतर निदान एक अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी.

मग त्यांनी भिंतीलगतचं ते तांबूस आच्छादन हातात घेतलं. रेडवूडच्या सालीचा भुसा होता तो. केसांसारखा दिसतो, स्वस्त मिळतो, आणि ठिणगी पडताच पेटतो. आमच्या भिंतीलगत आधी नुसती माती होती. त्या माणसानं तिथे चूल रचून ठेवली होती. उतारावरची कापलेली झुडपंही कुठे नेली नव्हती, आमच्याच कुंपणापलीकडे घळीत ढकलली होती. वाळलेल्या फांद्यांचा पुरुषभर उंच ढीग, घराच्या बरोबर खालच्या बाजूला. आग चढावर वेगानं येते हे आमच्या गावातल्या गुराख्यालाही माहीत असतं.

त्या इन्स्पेक्टर बाईंनी आम्हाला एका शब्दानंही दोष दिला नाही. पण त्या गेल्यावर यजमान डेकवर बराच वेळ नुसते बसून राहिले. त्या आठ आठवड्यांत आम्ही खरोखर निर्धास्त झोपत होतो. त्या दिवसांत आग लागली असती तर आपलं घर पक्कं आहे असं समजून कदाचित आम्ही उशिरा बाहेर पडलो असतो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पॅराडाइज गावात ८५ माणसं गेली. आग वस्तीत शिरल्यावर निघायला किती कमी वेळ मिळतो हे तेव्हा साऱ्या राज्यानं पाहिलं होतं. मला राग येतो तो याचा. त्यानं पैसे घेऊन नुसता पळ काढला असता तरी आम्ही सावध राहिलो असतो.

पैशांचं सांगते. बँकेनं हात वर केले : तुम्ही स्वतः पाठवलेत, खातं कुणी फोडलं नाही. कार्डनं दिले असते तर निदान वाद घालायला जागा होती. लायसन्स बोर्डाकडे तक्रार केली, तिला पैसे पडत नाहीत, त्यांनी फोटो आणि मेसेज घेतले आहेत. लायसन्स नसताना काम करणाऱ्याला दिलेले सगळे पैसे परत मागण्याचा हक्क इथला कायदा देतो, आणि स्मॉल क्लेम्स कोर्टात वकिलाशिवाय १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो. आमचे १०,५०० त्यात बसतात. अडलंय ते समन्स बजावण्यावर, कारण कार्डवरचा पत्ता टपालपेट्या भाड्यानं देणाऱ्या दुकानाचा निघाला.

विमा शेवटी फेअर प्लॅनकडून घेतला. १९६८ पासून चालत आलेली ही सोय, ज्याला कुणीच विमा देत नाही त्याच्यासाठी. त्यात आग, धूर, वीज पडणं, घरातला स्फोट एवढंच येतं. चोरी, पाण्याचं नुकसान, कुणी आपल्या पायरीवरून पडलं तर त्याची जबाबदारी, याला दुसरी वेगळी पॉलिसी जोडावी लागते. पूर्वी वर्षाला २,३०० भरत होतो, आता दोन्ही मिळून ७,१०० होतात. ब्रोकर निवडताना या वेळी विमा खात्याच्या वेबसाइटवर त्याचं लायसन्स बघितलं. व्हेंट पुन्हा बसवली, या वेळी खरी, लायसन्सवाल्याकडून, ३,९०० डॉलरमध्ये. भिंतीलगतचा भुसा मी आणि यजमानांनी हातांनी उचलला आणि तिथे खडी टाकली. त्याला दोन शनिवार-रविवार लागले.

२०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसकडे पॅलिसेड्स आणि ईटनच्या आगींत सोळा हजारांहून जास्त इमारती गेल्या. तेव्हापासून आमच्या भागातही दारादारांत पत्रकं अडकवलेली दिसतात : सर्टिफिकेट, गॅरंटी, विमा वाचवा.

ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या त्या बाईंना मी त्याच संध्याकाळी फोन केला. तो शनिवारी सकाळी त्यांच्याकडे येणार होता, फोनवर त्यांना 'मावशी' म्हणाला होता. त्यांनी कार्डवरचा नंबर वाचून दाखवला, मी बोर्डाच्या वेबसाइटवर टाकला. आमच्या वेळचा नंबर बदललेला होता. हा नंबर सॅन डिएगोकडच्या एका रंगकामवाल्याचा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, 'अहो, पण माझ्याकडे एकेचाळीसच दिवस राहिलेत.'

ती भीती मला ठाऊक आहे. सोमवारी मी त्यांच्याकडे गेले, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही आधी कॅल फायरला फोन लावला, मग फेअर प्लॅनच्या ब्रोकरला. तपासणीला पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. मीही जाणार आहे.