ओडिसी व्हाइट हॉट ओजी टू-बॉल पटर: नेम पटरचा, वेग आपला

पटर म्हणजे ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल होलकडे सरपटत नेण्याची काठी. या पटरच्या डोक्यावर एकामागे एक दोन पांढऱ्या चकत्या, दोन्ही गोल्फ बॉलच्याच मापाच्या, म्हणजे साधारण ४२.७ मिलिमीटर व्यासाच्या. फेससमोर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूसमोर, खरा बॉल आला की तीन बॉल एका रांगेत दिसतात. ती रांग जिकडे वळते तिकडेच फेस वळलेला असतो. टू-बॉल पटरमधली कल्पना एवढीच, आणि २००१ पासून ती बाजारात टिकून आहे. मूळ विचार पटिंगचे अभ्यासक डेव्ह पेल्झ यांचा. त्यांच्या ऐंशीच्या दशकातल्या थ्री-बॉल पटरचं डोकं समोरून मागे जास्त लांब आणि हीलपासून टोपर्यंत, म्हणजे खेळाडूकडच्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत, कमी रुंद होतं. नियमाला याच्या उलट लागतं, म्हणून तो बाद झाला. ओडिसी कंपनीने दोनच चकत्या ठेवल्या आणि तिसऱ्या जागी खेळायचा बॉल धरला. २०२१ ची ‘व्हाइट हॉट ओजी’ आवृत्ती म्हणजे तोच जुना आकार आणि फेसमध्ये बसवलेलं तेच मऊ युरेथेन इन्सर्ट, फक्त वरचं चंदेरी फिनिश नवं आणि शाफ्टला, म्हणजे दांड्याला, दोन पर्याय: स्टील किंवा स्ट्रोक लॅब.

या पटरचं नाव सर्वदूर झालं ते अनिका सोरेनस्टॅममुळे. स्वीडनच्या या खेळाडूने एलपीजीए टूरवर, म्हणजे महिला व्यावसायिकांच्या स्पर्धामालिकेत, ७२ स्पर्धा जिंकल्या, त्यांत १० मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या. २००२ मध्ये तर २३ एलपीजीए स्पर्धांपैकी ११ तिच्या नावावर लागल्या, आणि तेव्हा तिच्या बॅगेत टू-बॉल होता. दुकानदार एवढं सांगून थांबतात. तिची कारकीर्द जरा नीट पाहिली तर या पटरकडून काय मागावं आणि काय मागू नये, दोन्ही कळतं. अनिकाचा दबदबा टीपासून (पहिल्या फटक्यापासून) ग्रीनपर्यंतच्या अचूकपणाचा होता: पहिला लांब फटका म्हणजे ड्राइव्ह फेअरवेच्या मोकळ्या पट्ट्यावर, आयर्नचा फटका ग्रीनवर, फेरीमागून फेरी. असं खेळणाऱ्याच्या वाट्याला बर्डीचे, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका वाचवायचे, मधल्या अंतराचे पट (पटरचे फटके) खूप येतात, आणि तिथे पहिली गरज नेमाची असते. टू-बॉल ती भागवतो.

आता दुसरी बाजू. मे २००३ मध्ये अनिका टेक्सासच्या कलोनियल क्लबवर पुरुषांच्या पीजीए टूर स्पर्धेत उतरली. १९४५ नंतर असं खेळणारी ती पहिली स्त्री. पहिल्या फेरीत १४ पैकी १३ फेअरवे सापडले, १८ पैकी १४ ग्रीन ठरलेल्या फटक्यांत गाठले, पण पट लागले ३३. स्कोअर ७१. दुसऱ्या दिवशी ७४ झाले आणि कट हुकला, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत जागा मिळाली नाही. फटके चोख होते, रोजच्या सवयीही त्याच होत्या. पण अनोळखी ग्रीनवर बॉल किती जोराने सोडायचा हे कुठलीही चकती सांगत नाही. हा पटर घेताना हे आधी मनात पक्कं करावं: तो दिशा दाखवतो, अंतर नाही.

दिशा किती महत्त्वाची ते आकड्यांत बघा. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४ सेंटिमीटर. फेस १ अंशाने चुकला तर ३ मीटरवर बॉल मध्यापासून ५ सेंटिमीटरहून थोडा जास्त सरकतो. म्हणजे सपाट ग्रीनवरही तो कडेला लागून आत जाईल की बाहेर पडेल, हे वेगावर ठरतं. २ अंश चुकला तर काम संपलंच. आणि बॉल कुठे निघतो हे बहुतांशी फेसच्या कोनावर ठरतं, हात कुठून कुठे फिरले त्यावर फार कमी. साध्या, पातळ डोक्याच्या ब्लेड पटरवर एकच बारीक रेघ असते आणि ती पाहून १ अंशाचा फरक ओळखणं कठीण जातं. दोन मोठ्या पांढऱ्या वर्तुळांत आणि बॉलमध्ये थोडा जरी बाक आला तरी डोळा लगेच अडतो. या बाबतीत टू-बॉलला आजही पूर्ण गुण द्यायला हवेत.

खरा गोंधळ होतो तो उतारावर. रांग सरळ होलकडे लावण्याची सवय लागते आणि ग्रीन डावीकडे उतरतं आहे हे दिसत असूनही डोळे होलकडेच ओढले जातात. मग मनगट शेवटच्या क्षणी भरपाई करायला जातं आणि दोन्ही बिघडतं. उपाय सोपा आहे. बॉलच्या मागे उभं राहून बॉल कुठून निघायला हवा ती रेघ ठरवा, त्या रेघेवर बॉलपासून वीतभर अंतरावरचा एखादा डाग किंवा वेगळ्या रंगाचं गवताचं पान धरा आणि तिन्ही बॉलची रांग त्या खुणेकडे लावा. होलकडे नंतर फक्त अंतरासाठी पाहायचं. अनिकाच्या प्रशिक्षक पिया निल्सन आणि लिन मॅरियट यांची शिकवण याच धाटणीची: विचार बॉलच्या मागे उभं राहून संपवायचा, बॉलपाशी आल्यावर फक्त खेळायचं. टू-बॉलवर ही शिस्त नसेल तर खेळाडू चकत्या जुळवत उभा राहतो, हात आखडतात आणि पट अपुरा पडतो.

इन्सर्टबद्दल. आवाज बारीक, स्पर्श मऊ. कडक टू-पीस बॉल वापरणाऱ्यांना हे फार आवडतं. आधीच मऊ बॉल वापरत असाल तर मात्र फटका इतका दबका वाटतो की बॉल फेसच्या मधोमध लागला की टोच्या बाजूला, हे हाताला कळत नाही. पटरचं डोकं मोठं आणि वजन कडेला असल्याने चुकीच्या जागी लागलेला बॉलही फारसा मागे पडत नाही, ही चांगली गोष्ट. पण त्यामुळेच चूक लपते आणि सुधारत नाही. महिन्यातून एकदा फेसवर पायाला लावायच्या पावडरचा फवारा मारून दहा पट मारावेत आणि ठसे कुठे उमटतात ते पाहावं. ठसे सतत टोच्या बाजूला असतील तर बहुधा बॉल लांब ठेवला जातो आहे.

आपल्याकडच्या ग्रीनचा विचार वेगळा करावा लागतो. महाराष्ट्रातल्या मैदानी कोर्सवर ग्रीनचं गवत सहसा बर्म्युडा जातीचं असतं. त्याला दिशा असते. गवत चमकदार दिसतं तिकडे ते पडलेलं असतं आणि बॉल पळतो, गडद दिसलं तर ते आपल्याकडे वळलेलं असतं आणि बॉल अडतो. पावसाळ्यात पाती लांब ठेवतात, ग्रीन ओलं आणि संथ होतं. अशा वेळी मऊ इन्सर्टवरून निघालेला बॉल होलच्या अलीकडे थांबण्याची तक्रार हमखास येते. यात दोष पटरचा कमी, सवयीचा जास्त. फेरीआधी सराव ग्रीनवर ३, ६ आणि ९ मीटरवरून प्रत्येकी पाच बॉल मारा, होल नसलेल्या भागात, फक्त अंतर बघत. पटर किती मागे नेला की बॉल किती जातो, हे त्या दिवसापुरतं हाताला कळतं. दुकानातल्या गालिच्यावर वेगाचा अंदाज बांधू नका. तिथे नेम तपासता येतो, एवढंच.

शाफ्ट दुहेरी वाकाचा आहे आणि पटर फेस-बॅलन्स्ड. खात्री करायची असेल तर शाफ्ट बोटावर आडवा तोलून धरा, फेस वर आकाशाकडे बघेल. मागे सरळ आणि पुढे सरळ असा स्ट्रोक असणाऱ्यांना हे जमतं. ज्यांचा पटर नैसर्गिकपणे कमानीत फिरतो, त्यांचा फेस फटक्याच्या वेळी उघडा राहू शकतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचे पट उजवीकडे निघू लागतात. अशांनी कितीही मोह झाला तरी हा सोडावा आणि टो खाली झुकणारा पटर घ्यावा. तपासायची रीत: बॉलच्या पुढे ५० सेंटिमीटरवर दोन टी (बॉल ठेवायच्या खुंट्या) साडेपाच सेंटिमीटर अंतराने रोवा. त्यांना न लागता बॉल आरपार गेला तर दिशेची चूक साधारण ०.७ अंशाच्या आत आहे, म्हणजे ३ मीटरवर पावणेचार सेंटिमीटरच्या आत. दहापैकी सात-आठ बॉल गेले तर हा पटर तुमचा. सगळे उजव्या टीलाच आपटत असतील तर स्ट्रोक बदलण्यापेक्षा पटर बदला.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते लांबीत. दुकानात समोर असतो ३४ किंवा ३५ इंची. आपल्याकडच्या बऱ्याच स्त्रियांना आणि कमी उंचीच्या पुरुषांना ३२ किंवा ३३ इंची बसतो. लांब पटर धरला की हात पोटाशी अडकतात, टो वर उचलला जातो आणि डोळे बॉलच्या रेघेपासून आत येतात. लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकाव, जेमतेम ३ अंशांचा असल्याने टो उचलल्याने दिशा फार बदलत नाही, पण डोळे जागेवर नसले की रांग होलकडे लागली आहे की नाही याचा अंदाजच चुकतो. मग या पटरची मुख्य सोयच गेली. बॉलपाशी नेहमीसारखं उभं राहून डाव्या डोळ्याखाली दुसरा बॉल धरून सोडा. तो खालच्या बॉलवर किंवा त्याच्या थोडा आतल्या बाजूला पडायला हवा.

मोठा पटर घेऊन कापून घेऊ, असं म्हणणाऱ्यांनी हिशेब बघावा. १ इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना जाणवणारं डोक्याचं वजन) साधारण ६ अंकांनी उतरतं आणि डोकं हलकं लागतं. ते परत आणायला तळाशी शिशाची पट्टी लावतात, दर अंकाला सुमारे २ ग्रॅम. म्हणजे २ इंच कापल्यावर चोवीसेक ग्रॅम. स्टीलचा शाफ्ट असेल तर हे कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये होतं. स्ट्रोक लॅब शाफ्टचं तसं नाही. तो ग्रॅफाइट आणि स्टील जोडून हलका केलेला असतो आणि वाचलेलं वजन डोक्यात व ग्रिपच्या टोकाला टाकलेलं असतं. कापायचा तर ते टोकाचं वजन आधी काढून नंतर पुन्हा बसवावं लागतं. ते विसरलं गेलं की पटरचा तोल पूर्ण बदलतो. त्यामुळे स्ट्रोक लॅब हवा असेल तर थांबून हव्या लांबीचाच मागवा. आणि ‘लेडीज’ म्हणून गुलाबी ग्रिपचा हलका पटर कोणी पुढे केला तर लांबी आणि वजन मोजून घ्या. पटरमध्ये रंगाने काहीच ठरत नाही.

किंमत दुकानागणिक आणि सवलतीगणिक बदलते, पण नव्या ड्रायव्हरपेक्षा, म्हणजे लांब फटक्याच्या काठीपेक्षा, हा पुष्कळ स्वस्त पडतो. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर आमचं मत पटरच्या बाजूने. बंगळूरची अदिती अशोक लांब मारण्यासाठी कधीच ओळखली गेली नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २६९ फटक्यांत ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिथपर्यंत तिला नेलं ते ग्रीनवरच्या खेळाने.

नकली माल या मॉडेलमध्ये बराच फिरतो. इन्सर्टच्या कडेला फट किंवा गोंदाचा ओघळ, चकत्यांची कडा धूसर, अक्षरांतला रंग खळग्याबाहेर, ग्रिपला उग्र वास, यांतलं एकही दिसलं तर परत ठेवा. अधिकृत विक्रेत्याचं बिल घ्या. जुना घेताना इन्सर्ट अंगठ्याने चारही कोपऱ्यांत दाबून पाहा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत पडून राहिलेल्या पटरचा गोंद सुटलेला असू शकतो, आणि मग फटक्याला खडखड आवाज येतो. चकत्यांवरचे टवके दिसायला वाईट, पण नेमाला त्रास तेव्हाच जेव्हा टवका कडेवर असतो, कारण डोळा वर्तुळाच्या कडाच जुळवत असतो. कव्हर घातल्याशिवाय पटर आयर्नबरोबर ठेवू नका. पावसात खेळून आल्यावर कव्हर काढून दोन्ही वेगवेगळं वाळवा, नाहीतर शाफ्ट डोक्यात शिरतो तिथे गंज धरतो.