ओसरीवर काय मांडायचं: कॅरम की अष्टाचंगा?

मे महिन्यात विदर्भातल्या गावात दुपारी बारानंतर कोणी बाहेर निघत नाही. पाहुणे आलेले, पोरांना सुट्ट्या. अशा वेळी माझं मत अष्टाचंग्याला, म्हणजे चिंचोके टाकून सोंगट्या चालवायच्या खेळाला.

कॅरमची मजा खरीच आहे. 9 काळ्या, 9 पांढऱ्या, मधोमध राणी. राणी घेतली की लागोपाठ आपली एक सोंगटी घेऊन कव्हर द्यायचं, तेव्हा छाती धडधडते. पण ज्याचा हात बसलाय तोच जिंकतो. त्यात कूलरच्या ओल्या हवेत पावडर चिकटते, स्ट्रायकर अडतो. सगळी पोरं पंधरा-सोळाची असतील तर मात्र कॅरमच काढा.

अष्टाचंग्याला खडू, फोडून अर्धे केलेले 4 चिंचोके आणि सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे पुरतात. 5 बाय 5 घरं आखायची. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही. चारही चिंचोके पांढरे पडले तर 4, चारही काळे पडले तर 8, आणि दोन्ही वेळा पुन्हा टाकायला मिळतं. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. हा नियम मला फार आवडतो, कारण इथे नशिबासोबत डोकंही लागतं. कॅरमवर आजीची बोटं साथ देत नाहीत. अष्टाचंग्यात तीच आजी कॉलेजातल्या नातवाला दोनदा घरी पाठवते.